‘इतर’ नावाचा रकाना

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये, जेथे लष्करी बराकींच्या जागी इमारतींवर इमारती चढल्या असल्या तरी पत्ता लिहिताना बराकीचा क्रमांक घालण्याची चाल अद्यापि मोडलेली नाही, तेथे आमच्या परिचयाच्या एक वृद्ध सिंधी बाई राहतात. वयाने अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास असलेल्या या बाईंना सारी गल्ली ‘दादी’ म्हणते. सिंधी घरांत थोरल्या बहिणीला आणि आदरणीय स्त्रीला हेच संबोधन असते, हे आम्हां मराठी शेजाऱ्यांना पुष्कळ उशिरा कळले. दादींचा आवाज वयपरत्वे थोडा चिरफाळला आहे. परंतु लग्नघरी ‘लाडा’, म्हणजे लग्नगीत, म्हणावयाचे झाले, की त्या आवाजात अशी काही धार उतरते, की स्वयंपाकघरातील बायका हातातली कामे टाकून दाराशी येतात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका मंडळाने ज्येष्ठ नागरिकांसाठी गायनस्पर्धा ठेवली आणि गल्लीतल्या पोरांनी दादींचे नाव देण्याचा हट्ट धरला. छापील अर्जात ‘भाषा’ या सदराखाली तीन रकाने होते : मराठी, हिंदी आणि इतर. अर्ज भरून घेणाऱ्या तरुणाने अत्यंत सौजन्याने तिसऱ्या रकान्यात खूण केली. दादींनी चष्मा वर करून विचारले, “भाऊ, ये इतर क्या होता है? अत्तर तो मालूम है मेरे को.”

सारे हसले. तो तरुणही हसला आणि मीही हसलो. दादी स्पर्धेत गायिल्या, टाळ्या पडल्या, आणि मराठी व हिंदी अशा दोन्ही गटांचे पहिले, दुसरे, तिसरे क्रमांक जाहीर झाल्यानंतर त्यांना एक ‘विशेष उत्तेजनार्थ’ पारितोषिक मिळाले. या वयात उत्तेजन कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. परीक्षक भले गृहस्थ होते आणि त्यांच्या मनात कसलाही दुजाभाव नव्हता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. आणि नेमकी हीच गोष्ट मला त्या दिवसापासून अस्वस्थ करीत आली आहे. संगीताच्या पारितोषिकांतील भाषाभेद आणि वर्णभेद यांविषयी जेव्हा जेव्हा वाद माजतो, तेव्हा आपण परीक्षकाच्या अंतःकरणाची झडती घेऊ लागतो. परंतु परीक्षक आसनावर येऊन बसण्याच्या कितीतरी आधी, कोणा कारकुनाने आखलेल्या तक्त्यात, अर्धाअधिक निवाडा होऊन गेलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

कल्याणच्या पुढे लोहमार्ग कर्जतकडे वळला, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे एकामागून एक येतात. गाडीत बसल्या बसल्या अर्ध्या तासाच्या आत संपणाऱ्या या मुलखात संगीताच्या जितक्या परंपरा एकमेकींना खेटून नांदतात, तितक्या एखाद्या संस्थानाच्या राजधानीतही नांदल्या नसतील. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना सरकारने कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत आणून उतरविले. ते आपल्याबरोबर फारसे सामान आणू शकले नाहीत. पण ‘भगत’ त्यांच्याबरोबर आला. भगत म्हणजे भक्त हा अर्थ येथे अपुरा आहे. पायघोळ जामा, डोक्याला पगडी, पायांत घुंगरू असा वेष करून, साथीदारांसह रात्रभर गात, नाचत, कथा सांगत जाणारा जो कलावंत, तो भगत. आणि त्याच्या त्या प्रयोगालाही भगतच म्हणावयाचे. आपल्याकडील कीर्तनकार, शाहीर आणि गोंधळी यांना एका देहात कोंबावे, म्हणजे त्याची थोडीबहुत कल्पना येईल. या परंपरेतील सर्वांत पूज्य नाव भगत कंवरराम यांचे. १८८५ मध्ये सक्कर जिल्ह्यातील जरवार गावी जन्मलेल्या या गायकाची, १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक या रेल्वेस्थानकावर गोळी घालून हत्या झाली. मैफलीत झोळीत पडलेले पैसे गरिबांना वाटून टाकणारा हा माणूस सिंधच्या हिंदू-मुसलमान दोघांनाही आपला वाटत असे. त्यांची छबी उल्हासनगरच्या दुकानांतून आजही दिसते. सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या ‘शाह जो रिसालो’ या ग्रंथाचे अध्यायसुद्धा ‘सुर’ या नावाने ओळखले जातात. म्हणजे ज्या भाषेने आपल्या महाकवीचा ग्रंथच गाण्याच्या चालींनी विभागला, तिचे गाणे आमच्या तक्त्यात ‘इतर’ ठरले.

अंबरनाथला वालधुनीच्या काठी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, या वर्षाचा शिलालेख मिरविणारे शिलाहारांचे शिवालय आहे. त्याच्या भिंतींवर नर्तकी आहेत, पण त्यांना ताल कोण देत असे, हे त्या शिलालेखाने नोंदविलेले नाही. राजाचे नाव मात्र नोंदविले आहे. बदलापूरच्या बाजूस आगरी आणि कुणबी यांची जुनी गावे, व त्यांच्या पलीकडे ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या. आगऱ्यांच्या लग्नात ‘धवलारीण’ नावाची गाणारी स्त्री असते. ती धवळे म्हणते म्हणून लग्न लागते. काही ठिकाणी तर भटजीच्या बरोबरीने, आणि पूर्वी भटजीवाचूनही, विधी तिच्याच मुखाने पार पडत. तिच्या गाण्याला श्रोता नसतो, कारण मांडवातले सारेच त्या विधीत गुंतलेले असतात. मग तिला परीक्षक कोठून असावा? हळदीच्या रात्री हीच गावे बेंजो पार्टीच्या तालावर पहाटेपर्यंत जागतात, आणि त्या बेंजोवाल्याची बोटे पाहिली म्हणजे सतारीचा रियाज पाहिलेल्या माणसालाही क्षणभर थबकावे लागते. याच पट्ट्यातील कामगारवस्त्यांतून आणि बुद्धविहारांपुढून १४ एप्रिलच्या आगेमागे जी भीमगीते व कव्वाल्या घुमतात, त्यांचा वारसा प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्यापर्यंत पोहोचतो. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजातील विठ्ठलभक्तीची गाणी आषाढीच्या सुमारास ज्या घरांत लागत, त्यांपैकी पुष्कळांना त्यांनी गायिलेल्या आंबेडकरी कव्वाल्यांचा पत्ताही नसे. एकच कंठ; परंतु एका रकान्यात तो साऱ्या महाराष्ट्राचा आणि दुसऱ्या रकान्यात एका वस्तीचा. विठ्ठल उमप यांनी तर नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच, २६ नोव्हेंबर २०१० रोजी देह ठेवला.

या ठिकाणी थोडे परदेशी जाऊन येणे अवश्य आहे, कारण गाण्याला रकाने पाडण्याचे शास्त्र ज्या देशाने कळसास नेले, तो अमेरिका होय. १९२० साली मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ध्वनिमुद्रिका अनपेक्षितपणे भरघोस खपली, तेव्हा तिकडील कंपन्यांना काळ्या लोकांच्या खिशातही पैसे असतात असा शोध लागला. आणि त्यांच्यासाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिकांची स्वतंत्र फेरिस्त सुरू होऊन तिला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणजे ‘वंशाच्या ध्वनिमुद्रिका’ असे नाव पडले. हे नाव वर्षानुवर्षे बिनदिक्कत छापले जाई. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने, जेरी वेक्सलर या आपल्या तरुण वार्ताहराच्या सूचनेवरून, २५ जून १९४९ च्या अंकापासून ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ असे केले. आता योगायोग पाहा. त्याच वर्षी, त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने, ८ ऑगस्ट १९४९ रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते आमच्या ‘कल्याण कॅम्प’चे ‘उल्हासनगर’ झाले. दोन्ही नामांतरे सद्हेतूने झाली आणि दोन्ही नावे जुन्या नावांपेक्षा निश्चित गोड होती. मात्र यादीतली माणसे तीच राहिली आणि यादी वेगळीच राहिली. आणि कॅम्प या शब्दाचे म्हणाल, तर रिक्षावाल्याला तुम्ही आजही ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगता.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण अकादमीने १९५९ पासून ग्रॅमी पारितोषिके देण्यास आरंभ केला. तेथे अर्ज रुजू करावयाचा, तर ध्वनिमुद्रण अमेरिकेत विक्रीस आलेले असले पाहिजे, आणि मत देतात ते अकादमीचे सभासद. म्हणजे ज्यास आपण ‘जागतिक’ पारितोषिक म्हणून डोक्यावर घेतो, ते मुळात एका देशातील धंदेवाईकांनी आपसांत वाटलेले बक्षीस आहे. त्यात गैर काहीच नाही. आपल्या गल्लीचे मंडळही तेच करते. घोटाळा होतो तो बाहेरचा गवई दाराशी उभा राहिला म्हणजे. पंडित रविशंकर यांना १९६८ साली यहुदी मेन्युहिन यांच्यासमवेत ग्रॅमी मिळाले, ते ‘चेंबर म्युझिक’ या वर्गात, म्हणजे युरोपच्या दिवाणखान्यांतून चारपाच वादक एकत्र बसून जे स्वरलेखनबद्ध संगीत वाजवितात, त्या वर्गात. रागसंगीताला बसावयास तेथे दुसरा पाट मांडलेला नव्हता. पुढे १९९२ पासून ‘वर्ल्ड म्युझिक’ असा स्वतंत्र रकाना निघाला. या नावातला विनोद थोडा निरखून पाहण्यासारखा आहे : अमेरिका आणि तिची भावंडे सोडून जे काही उरते, ते जग! आफ्रिकेचा ढोल, आपला मृदंग, अरबस्तानचा ऊद, सारे एकाच गाठोड्यात. आमच्या मंडळाच्या अर्जातील ‘इतर’ला इंग्रजी पोशाख चढविला, म्हणजे तो ‘वर्ल्ड’ होतो. त्या नावाला वसाहतकालीन वास येतो, अशी तक्रार वाढल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये अकादमीने तेथे ‘ग्लोबल’ हा शब्द बसविला. गाठोड्याचे फडके बदलले.

तरीही या वर्गातून मिळालेला मान खोटा असतो असे नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शक्ती’ या वृंदाला याच वर्गाचे पारितोषिक मिळाले आणि त्या एका रात्रीत झाकीर हुसेन यांच्या नावावर तीन ग्रॅमी जमा झाली. माहीमच्या तबल्याबरोबर त्या वृंदात चेंबूरचा कंठ होता, शंकर महादेवन यांचा. मातृभाषा तमिळ, पण श्रीनिवास खळे यांच्यापाशी शिकलेला. त्या रात्री ठाणे जिल्ह्यातल्या किती रियाजखोल्यांतून आनंद झाला असेल, हे सांगावयास नको. परंतु पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, चंद्रिका टंडन यांच्या ‘त्रिवेणी’ या वैदिक मंत्रांवर आधारलेल्या संग्रहाला जे ग्रॅमी मिळाले, त्या वर्गाचे नाव काय असावे? ‘न्यू एज, अँबियंट ऑर चँट’, म्हणजे नवयुगीन आधी आणि मंत्रपठण शेवटी. वेदमंत्रांना नवयुगीन ठरविण्याचे धाडस आपल्याकडच्या कडव्यातल्या कडव्या सुधारकालाही झाले नसते!

वर्णाचा प्रश्न तिकडे अधिक उघडा आणि अधिक दुखरा आहे. बियॉन्से या गायिकेला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाच्या पारितोषिकाने चार वेळा हुलकावणी दिली. अखेर २०२५ मध्ये ‘काउबॉय कार्टर’ या संग्रहाला ते मिळाले, आणि त्याच संग्रहाला ‘कंट्री’ या वर्गाचेही. हा कंट्री वर्ग म्हणजे गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचे जणू वतन. वास्तविक त्या संगीतातील बँजो हे वाद्य गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांनी घडविलेले, आणि त्याच्याच नावावरून आपल्या हळदीतल्या बेंजोचे बारसे झालेले. कृष्णवर्णीय कलावंताला त्या वर्गाचे संग्रह-पारितोषिक मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यानंतर चारच महिन्यांनी त्या वर्गाचे ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ असे दोन तुकडे करण्यात येतील असे जाहीर झाले. ही मागणी जुनीच होती, असा अकादमीचा खुलासा आहे आणि तो खोटा मानण्यास माझ्यापाशी पुरावा नाही. एवढेच म्हणतो, की ज्या वाड्यात नवा भाडेकरू शिरताच मधली भिंत घालण्याचा जुना बेत तडीस जातो, त्या वाड्यातील भाडेकरूने मनात काय आणावे, हे मालकाने ठरवू नये. भाषेचेही तसेच. ५ फेब्रुवारी २०२३ च्या ग्रॅमी समारंभात पोर्तो रिकोचा गायक बॅड बनी स्पॅनिशमध्ये गाऊ लागला, तेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्याखाली अक्षरे उमटली, त्यांचा अर्थ ‘इंग्रजीखेरीज भाषेत गायन’ असा होता. अमेरिकेतच कोट्यवधी घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेला तिच्या नावाने हाक मारण्याचीसुद्धा तसदी कोणी घेतली नाही. पुढे त्या वाहिनीने चूक कबूल केली. मला मात्र ती अक्षरे पाहून दादींचे अत्तर आठवले.

आपल्या घरचा हिशेब काही निराळा आणि, मोकळेपणाने सांगावयाचे तर, अधिक गुंतागुंतीचा आहे. फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली मुंबईत सुरू झाली, तेव्हा संगीत दिग्दर्शकाला पारितोषिक होते, गायकाला नव्हते. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पारितोषिक मिळाल्यावर समारंभात गाण्याची विनंती झाली, तेव्हा लता मंगेशकर यांनी, गायकाला जर येथे स्थान नाही तर मी का गावे, असा रोकडा सवाल करून नकार दिला, आणि १९५९ पासून पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले. रकाना नसेल तर तो पाडून घेता येतो, याचे याहून चोख उदाहरण आपल्या संगीतसृष्टीत नाही. पण त्यासाठी लता मंगेशकर असावे लागते, हेही त्याच उदाहरणात आहे. पडद्यामागच्या गोव्याच्या वादकांना आणि वाद्यवृंद-संयोजकांना तो पाडून घेता आला नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे कोकणी बोलणारे, चर्चमध्ये स्वरलेखन शिकलेले लोक. हिंदी चित्रपटगीतांतील व्हायोलिनांचे ते सारे ऐश्वर्य त्यांच्या लेखणीतून उतरलेले. मोठ्या समारंभांच्या तक्त्यांत त्यांच्या कामाला नावच नव्हते. अँथनी गोन्साल्विस हे नाव सर्वतोमुखी झाले ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका विनोदी चित्रपटगीतात ते गुंफले म्हणून.

फिल्मफेअरचा मुख्य समारंभ व्यवहारात हिंदीचाच राहिला आणि बाकीच्या भाषांसाठी निराळी दालने निघाली. याउलट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गायक, गायिका आणि संगीत दिग्दर्शक यांची पारितोषिके साऱ्या भाषांना मिळून एकच असतात. सरकारी कामकाजाविषयी चांगले बोलण्याचे प्रसंग विरळा. म्हणून हा मुद्दाम नोंदवितो. सगळ्या भाषा एका पंगतीला बसविल्यावर मराठीचे काय झाले? २००८ च्या ‘जोगवा’ या एका चित्रपटासाठी संगीत दिग्दर्शनाचे पारितोषिक अजय-अतुल यांना, गायकाचे हरिहरन यांना आणि गायिकेचे श्रेया घोषाल यांना मिळाले. गायिकेचा मान एका बंगाली चित्रपटासह होता. देवाला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींची कथा, आणि तिला मिळालेला कंठ एक तमिळ घरातला व दुसरा बंगाली घरातला! पुढल्या दहाबारा वर्षांत सुरेश वाडकर, आनंद भाटे, आरती अंकलीकर-टिकेकर, बेला शेंडे, महेश काळे, सावनी रवींद्र यांना मराठी गाण्यांसाठी हा मान मिळाला. पंगत एक असली तर मराठी उपाशी राहत नाही, ही गोष्ट ‘आमच्या भाषेसाठी वेगळे पारितोषिक ठेवा’ असा धोशा लावणाऱ्यांनी एकदा तरी मनाशी घोळवावी. तथापि याही पंगतीला एक उंबरठा आहे : गाणे चित्रपटातले हवे. धवलारणीने, भगताने आणि भीमशाहिराने तो कसा ओलांडावा? ‘कोर्ट’ हा एका लोकशाहिरावरील खटल्याचा चित्रपट २०१४ चा देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. म्हणजे शाहिराची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळू शकते.

नाव ठाऊक नसते, तेव्हा परीक्षक कसे ऐकतात? याचे एक गोड उदाहरण महाराष्ट्राच्या संग्रही आहे. ‘साधी माणसं’ या १९६५ च्या चित्रपटाचे संगीत ‘आनंदघन’ नामक कोणा संगीतकाराचे होते. राज्य शासनाचे पारितोषिक त्या नावाला जाहीर झाले, समारंभात नाव पुकारले गेले, कोणी उठेना. आणि मग, असे सांगतात, निवेदकाने आनंदघन म्हणजे सभागृहातच बसलेल्या लता मंगेशकर होत, हे गुपित फोडले. संगीत दिग्दर्शन हे पुरुषांचे क्षेत्र मानले जाण्याचा तो काळ. पडद्याआड राहिलेल्या स्त्रीला तेथे जो निवाडा मिळाला, तो केवळ चालींच्या बळावर मिळाला. प्रत्येक गायिकेला असा पडदा कोठून मिळणार? दादींनी तोंड उघडताक्षणी त्यांची भाषा कळते, आणि भाषा कळली की सभागृहाला वाटते, बाकीचे सारे कळले.

आवाजाच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न तर आणखी अवघड आहे, कारण तेथे पूर्वग्रह शास्त्राचा वेष घेऊन येतो. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. विलायती पेटीचे बद्ध स्वर हिंदुस्थानी संगीताला मारक आहेत, असा शास्त्राधार तिला होता, आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. पण कव्वालीला, भजनाला, लावणीला, भगताला पेटीच आधार, त्यांचे काय? हुकूम सुटला तो १९७१ साली अंशतः मागे घेतला जाईपर्यंत तीस वर्षे चालला. त्यातील दहा वर्षे नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे, विद्वान, सच्चे संगीतप्रेमी. चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून हद्दपार करणारे तेच. सदभिरुचीचे परिपत्रक काढता येते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

या साऱ्या प्रश्नाचा कस लागला तो २२ जुलै २०२२ रोजी. २०२० च्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार त्या दिवशी जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट गायिकेचा मान नंचम्मा यांना मिळाला. केरळातील अट्टप्पाडीच्या डोंगरांत राहणाऱ्या, इरुळा या आदिवासी जमातीतील या साठी उलटलेल्या बाई. गुरे वळण्याचे काम केलेल्या. ‘अय्यप्पनुम कोशियुम’ या मल्याळम चित्रपटात त्यांनी आपल्या इरुळा भाषेतले, स्वतःच रचलेले गाणे गायिले होते. लागलीच एका वादकाने आक्षेप घेतला, की जन्मभर रियाज करणाऱ्या गायिकांचा हा अपमान आहे. या बाईंना दिलेल्या पट्टीत नेमके गाताही यायचे नाही. केरळातील अनेक नामांकित संगीतकारांनी आणि गायकांनी या आक्षेपाचा तत्काळ प्रतिवाद केला. मला तो आक्षेप केवळ दुष्टबुद्धीचा वाटला नाही. ज्याने पट्टी हेच माप मानून हयात घालविली, त्याला पट्टीबाहेरचे गाणे बेहिशेबी वाटणारच. पण त्या मापाने मापावयाचे झाले, तर डोंगरात गुरांमागे फिरताना ज्या गाण्याला पेटीची सोबत कधी नव्हतीच, त्याने पट्टी आणावी कोठून? शिवाय पारितोषिक गाण्याला होते, गायकीच्या पदवीला नव्हते.

आणि त्या यादीत नंचम्मांच्या शेजारी सर्वोत्कृष्ट गायक म्हणून कोणाचे नाव होते? ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांचे. वसंतराव देशपांडे यांचा नातू, ख्यालगायकीचा वारस, पुण्याच्या मैफलींचा लाडका. आणि त्याच्या जोडीला अट्टप्पाडीची गुराखीण. ३० सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात दोघांनी तो मान राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून स्वीकारला, ज्या स्वतः संताळ आदिवासी आहेत. नंचम्मांचे नाव येताच सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजविल्या. ते दृश्य मी दूरचित्रवाणीवर पाहिले आणि मनात विचार आला तो तिकडचा नव्हे, इकडचा : बदलापूरच्या पलीकडच्या एखाद्या कातकरी वाडीतील बाईला त्या सभागृहापर्यंत नेणारी वाट कोणती? आधी तिला कोणी चित्रपटवाल्याने ऐकले पाहिजे, मग तो चित्रपट पुरा झाला पाहिजे, मग तिचे गाणे कात्रीतून वाचले पाहिजे. तमाशातील विठाबाई नारायणगावकर यांना तर राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभूनही २००२ साली त्या हलाखीतच गेल्या. त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार मागाहून निघाला.

सिंधीची गोष्ट या सर्वांहून थोडी वेगळी आहे, कारण तिला रकाना मिळविण्यासाठी प्रत्यक्ष राज्यघटनेशी गाठ घालावी लागली. घटनेच्या आठव्या परिशिष्टात आरंभी ज्या भाषा नोंदल्या गेल्या, त्यांत सिंधी नव्हती. जी भाषा बोलणाऱ्यांना भूमी उरली नाही, तिची नोंद कोणत्या प्रांताच्या नावाने करावयाची, असा पेच होता. सतरा वर्षांच्या खटपटीनंतर, १० एप्रिल १९६७ रोजी, एकविसाव्या घटनादुरुस्तीने तिचा समावेश झाला. साहित्य अकादमीने मात्र त्यापूर्वीच, १९५९ साली, सिंधीतील आपले पहिले पारितोषिक दिले होते, आणि ते ज्या पुस्तकाला मिळाले ते तीरथ बसंत यांचे ‘कंवर’, म्हणजे भगत कंवरराम यांचेच चरित्र. गाणाऱ्याला कोणी पारितोषिक दिल्याचे ठाऊक नाही. त्याच्या चरित्राला मिळाले. नंतर २०१० मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. उल्हासनगरच्या नव्या पिढीला मात्र आता सिंधी बोलता येते तितकी वाचता येत नाही, आणि जेव्हा येते तेव्हाही कोणत्या लिपीत, हा वाद देवनागरी आणि अरबी यांच्यामध्ये फाळणीपासून तसाच लोंबकळत आहे. लग्नांतून लाडाच्या जागी पंजाबी ढोल आणि ध्वनिक्षेपकावरील चित्रपटगीते येऊन बसली आहेत. ही कसर मंडळाच्या अर्जाने केली नाही. ती घराघरांतून झाली. दादींच्या नातवंडांनाच त्यांचे गाणे पुरते कळत नाही, ही गोष्ट दडविण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी मंडळाने पुनश्च स्पर्धा जाहीर केली. अर्ज नवे छापले होते. कोणाच्या मनात काय आले कोण जाणे. पण ‘भाषा’ या शब्दापुढचे ते तीन रकाने काढून तेथे नुसती रिकामी ओळ सोडली होती. मी अर्ज घेऊन दादींच्या घरी गेलो आणि त्यांना म्हटले, “दादी, या खेपेस तुम्हीच लिहा.” त्यांनी चष्मा पुसला, मांडीवर पाट घेतला, त्यावर अर्ज ठेवला, आणि शाळेत शिकलेल्या त्या जुन्या अक्षरांनी, उजवीकडून डावीकडे, सावकाश आपल्या भाषेचे नाव लिहिले. ओळीच्या डाव्या टोकाशी, जेथून आम्ही सारे लिहावयास आरंभ करतो, तेथे येऊन त्यांची लेखणी थांबली. अर्ज घेणाऱ्या तरुणाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “काका, हे काय लिहिलंय?”

मी काही सांगणार तोच दादी म्हणाल्या, “सिंधी, बेटा. और आज लाडा नहीं, दूसरा गाऊँगी. लंबा है. टाइम कितना देते हो?”

तीन मिनिटे, असे त्याने सांगितले.

“तीन मिनट में तो सिर्फ साज मिलता है,” असे म्हणून दादींनी अर्जावर सही केली.